मनोहर काकांची उघड्यावरची शाळा

मनोहर काका दाबके कुणाच्याही घरात शिरले की बूट काढायच्या आधी हवा हुंगत. चहापाणी नंतर. 'फोडणीचा वास कालचा आहे', 'तुमच्या फर्नेसचा फिल्टर सहा महिने बदललेला नाही', असं काहीतरी ते यजमानांच्या तोंडावर सांगत, आणि ते दर वेळी खरं निघे. पहिली दोन वर्षं मला हा माणूस अजिबात आवडला नव्हता. खरं बोलणारी माणसं लांबून बरी असतात.

आम्ही शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये आलो ते नव्वदच्या दशकात. काका त्याच्या कितीतरी आधीचे, अडुसष्ट सालचे. तीस वर्षं त्यांनी शिकागोतल्या उंच उंच इमारतींना हवा पुरवली. कुठल्या मजल्यावर किती रुंद डक्ट, पंखे कुठे बसवायचे, कोंदट हवा कुठून बाहेर काढायची, हे त्यांचं काम. मी एका इन्शुरन्स कंपनीत धोका मोजण्याचं काम करते. आमच्या काचेच्या इमारतीची एकही खिडकी उघडत नाही. काकांनी मला एकदा विचारलं, "मृणालिनी, तुझ्या ऑफिसात तू जो श्वास घेतेस, तो तुझ्या आधी किती जणांनी घेतलेला असतो, कधी हिशोब केलास?" पुढे आठवडाभर मला ऑफिसात डबा गोड लागला नाही.

काकांच्या आयुष्यात एक मोठीच गंमत होती. पुण्यात इंजिनिअरिंग करताना त्यांनी मॅक्सम्युलर भवनात तीन वर्षं घासून जर्मन शिकून घेतलं. जर्मनीत नोकरी करायची, एवढंच डोक्यात. स्वप्नंसुद्धा म्हणे जर्मनमध्ये पडायची. आणि ऐन वेळी आधी पत्र आलं ते अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीचं. वडील म्हणाले, हातचं सोडू नकोस. काका विमानात बसले, आणि एवढं मेहनतीनं कमावलेलं जर्मन पस्तीस वर्षं ट्रंकेतल्या शालूसारखं पडून राहिलं.

ते बाहेर निघालं रिटायर झाल्यावर. लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत त्यांना एक मळकट जर्मन अहवाल सापडला. त्यात फोटो होते. पाइनच्या झाडांखाली लाकडी बाकांवर शिकणारी मुलं, आणि जेवणानंतर आरामखुर्च्यांवर ओळीनं पडलेली मुलं. काकांनी तो अहवाल एक अख्खा हिवाळा डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचला, आणि मग भेटेल त्याला सांगत सुटले. मला तर त्यातली वाक्यं पाठ झाली.

गोष्ट अशी, की १९०४ साली बर्लिनला लागून असलेल्या शार्लोटेनबुर्ग शहरात नॉयफर्ट नावाचे शिक्षणाधिकारी आणि बेंडिक्स नावाचे मुलांचे डॉक्टर, अशा जोडीनं एक शाळा काढली. तिथल्या नेहमीच्या शाळांत बरीच मुलं अशी होती, की हॉस्पिटलात टाकावं एवढी आजारी नाहीत आणि वर्गात तग धरावा एवढी धडही नाहीत. अशक्त, फिकुटलेली, अभ्यासात मागे पडत चाललेली. त्यांना ह्यांनी वर्गातून उचललं आणि सरळ जंगलात नेलं. तास पंचवीस मिनिटांचा, मग पाच मिनिटं सुट्टी. एका वर्गात मुलं थोडी. भरपूर खाणं. दुपारी दोन तास आरामखुर्चीवर पडून राहायचं, बोलायचं नाही. अभ्यास नेहमीच्या शाळेपेक्षा कितीतरी कमी, तरी मुलं मागे पडली नाहीत, उलट अंग धरू लागली. बघता बघता हे खूळ इंग्लंडमध्ये गेलं, अमेरिकेत आलं. आमच्या शिकागोतसुद्धा एके काळी मुलं ऐन हिवाळ्यात खिडक्या सताड उघड्या टाकून, ब्लँकेटं पांघरून शिकत होती.

"ही शाळा काढणाऱ्यांनी काय केलं? काही नाही," काका म्हणायचे. "मास्तर तेच, पुस्तकं तीच. फक्त दार उघडलं."

ह्या काकांच्या हाताखाली आमचा मराठी वर्ग चालायचा. दर रविवारी, एका चर्चच्या तळघरात, चौदा मुलं. मी त्या वर्गाची सेक्रेटरी, म्हणजे ईमेल पाठवणं आणि शिव्या खाणं माझ्याकडे. माझी उर्वी नऊ वर्षांची. चार वर्षं वर्गाला जात होती आणि चार वर्षं प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देत होती.

काकांना ह्या वर्गाचं एवढं का लागून राहिलंय, ते मला सुलभा काकूंनी सांगितलं. त्यांचा मुलगा विक्रम पाच वर्षांचा असताना शाळेतल्या बाईंनी ह्या दोघांना बोलावून घेतलं. मुलगा वर्गात तोंड उघडत नाही, घरी त्याच्याशी इंग्रजीतच बोला, म्हणाल्या. तेव्हा सगळ्यांना असंच सांगत. ह्यांनी डॉक्टरचं औषध घ्यावं तसं ते घेतलं. दुसऱ्या दिवसापासून विक्रमशी मराठी बंद. आता तो चौतीस वर्षांचा, सिअॅटलला असतो. रविवारी फोन येतो. बापलेक हवामान आणि गाडीच्या टायरांबद्दल चार मिनिटं बोलतात, मग काका फोन काकूंच्या हातात देतात.

"मला तेव्हा अभिमान वाटला होता," काका मला एकदा म्हणाले. "एका दिवसात भाषा बदलली म्हणून. इंजिनिअर ना मी. आता हा वर्ग नीट चालला, तर निदान दुसऱ्यांच्या पोरांचं तरी भलं होईल. हा बंद पडला तर माझ्या हातून काहीच झालं नाही, असं होईल." इतकं सरळ बोललेलं ऐकायची मला सवय नव्हती. मी चहा ओतायच्या निमित्तानं उठले.

आणि ह्याच माणसानं स्वतःच्या हातानं वर्गावर धोंडा पाडून घेतला.

२००४ चा ऑगस्ट. सप्टेंबरात वर्ग सुरू व्हायचा होता. काका तळघरात टेबलं मांडायला गेले, थबकले, हुंगले. खिशातलं नाणं काढून त्याच्या कडेनं भिंतीतल्या जाळीचे स्क्रू फिरवले आणि जाळी काढली. आत ओलीनं काळी बुरशी धरलेली, बोटभर जाड. बरं, गप्प बसावं ना? दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चच्या ऑफिसात जाऊन आकृतीसकट दोन पानी रिपोर्ट दिला. ती भली माणसं. त्यांनी काकांचे आभार मानले आणि तळघराला वसंतापर्यंत कुलूप ठोकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"काका, डिसेंबरपर्यंत तरी थांबायचं यार," आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष संजीव वैतागून म्हणाला. त्याचा शार्दूल उर्वीच्याच वर्गात.

"चौदा मुलांना डिसेंबरपर्यंत ती हवा पाजायची?" काका म्हणाले.

लायब्ररीची खोली रविवारी मिळेना. घरी घ्यावा म्हटलं, तर चौदा मुलं आणि प्रत्येकाकडे पांढरं कार्पेट. संजीव म्हणाला, मार्चपर्यंत वर्ग स्थगित करू. स्थगितचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. एकदा रविवार मोकळा झाला की त्यात सॉकर शिरतं, पियानो शिरतो, आणि मराठी पुन्हा म्हणून आत येत नाही.

तेव्हा काका तो मळकट अहवाल घेऊन उभे राहिले. "जंगलात भरवू," म्हणाले. "आपली मुलं तरी काय वेगळी आहेत? मराठीच्या बाबतीत आजारी म्हणवत नाहीत, धडही म्हणवत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी जे केलं तेच करू."

लोक हसले. मी हसले नाही, कारण मला धोके दिसायला लागले होते. ओल्या पायऱ्या, मधमाश्या, विजा, न्यूमोनिया. पण दुसरा उपाय कुणाकडे नव्हता. शेवटी ठरावाचं वाक्य मीच लिहिलं: डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी वर्गात दहा मुलं असतील तर वर्ग चालू राहील, नऊ झाली तर बंद. काकांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

मग आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवरच्या जंगलात, ओकच्या झाडांखाली, पिकनिकच्या बाकांवर मराठी वर्ग भरायला लागला. अकरा ते दोन. पंचवीस मिनिटं झाली की काका हातानं घंटा वाजवत, मग पाच मिनिटं कुणीही कुठेही पळावं. मधल्या सुट्टीत काकूंचं मुगाचं कढण, मोठ्या थर्मासातून वाफाळतं. आणि मग ती जगप्रसिद्ध विश्रांती. दोन तासांची काकांनी अर्ध्या तासावर आणली होती. घडीच्या खुर्च्यांवर ब्लँकेटं गुंडाळून पडायचं, आणि मोठ्यानं बोलायचं नाही.

काका शिकवायचे म्हणजे काय, तर विचारायचे. ते सुद्धा पुस्तकातलं नाही, त्यांना स्वतःला खरंच माहीत नसलेलं. "हे शेवाळ एकाच बाजूला का असेल?" "तुझी आई सकाळी पहिलं काय करते?" मुलं इंग्रजीत उत्तर देत. काका रागावत नसत. ते उत्तर ऐकून घेत, आणि पुढचा प्रश्न पुन्हा मराठीत टाकत. मी एकदा बघून आले आणि नरेंद्रला, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हटलं, ह्याला शिकवणं म्हणत असतील तर आमच्या ऑफिसातला वॉचमनसुद्धा प्रोफेसर आहे.

आयांची वेगळीच लगबग. गार वारा कानात गेला की पोर गेलंच, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. आज्यांनी भारतातून पाठवलेल्या, कपाटात दडपलेल्या कानटोप्या बाहेर निघाल्या. हनुवटीखाली बंद बांधायच्या, माकडटोपी म्हणतात तसल्या. बसस्टॉपवर ह्या मुलांनी जीव गेला तरी त्या घातल्या नसत्या. जंगलात शाळेतलं कुणी बघायला नव्हतं, म्हणून घातल्या. एका आईनं मुलाच्या खिशात ओव्याची पुरचुंडी दिली, ती खारीनं पळवली. मी अकरा कलमांचा संमतीचा फॉर्म केला आणि सगळ्यांकडून सह्या घेतल्या. काकांनी न वाचता सही केली.

नव्याचे नऊ दिवस सरले. सॉकरनं दोन मुलं नेली. ऑक्टोबरातल्या पावसानं एक. नोव्हेंबरात पहिला बर्फ भुरभुरला आणि आणखी एक आई म्हणाली, आमचं नाव काढा. राहिली दहा. त्यातली दहावी उर्वी.

आणि थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात उर्वीला खोकला झाला.

आता इथे एक कबुली द्यायला हवी. आपण इकडची माणसं मराठी वापरतो ती पडद्यासारखी. दुकानात भाव जास्त वाटला, लिफ्टमधल्या बाईचा ड्रेस बघवला नाही, की आपण बिनधास्त मराठीत सुरू होतो. तीच सवय घरातही. आमच्याकडे उर्वीशी बोलायचं ते इंग्रजीत आणि उर्वीविषयी बोलायचं ते मराठीत. तिच्या मार्कांबद्दल, तिच्या दातांच्या खर्चाबद्दल, नरेंद्रच्या आईचं आणि माझं का बिनसलं त्याबद्दल, सगळं तिच्यासमोर. ती इंग्रजीत उत्तर देते, म्हणजे तिला मराठी कळत नाही, इतका सोपा आमचा हिशोब.

त्या दिवशी ती किचनच्या टेबलाशी चित्र रंगवत होती. मी भांडी लावता लावता म्हटलं, "पुरे झाला हा वर्ग. चार वर्षं गेली, पोरीच्या डोक्यात काही शिरत नाही. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं. वर खोकला. रविवारी जाऊन नाव काढून टाकते."

"मग नऊच राहतील," नरेंद्र म्हणाला.

"राहू देत. मी काय सगळ्या गावाचा ठेका घेतलाय?"

उर्वी निळा रंग शोधत होती. खोकला चार दिवसांत गेला. माझा निर्णय गेला नाही.

डिसेंबरचा पहिला रविवार. मी तिला अकराला सोडलं आणि एकच्या सुमाराला मुद्दाम लवकर परत गेले, काकांना समोरासमोर सांगावं म्हणून. ऊन पडलं होतं, पण तोंडातून वाफ निघत होती. विश्रांतीची वेळ होती. झाडांखाली ओळीनं दहा खुर्च्या, त्यांवर दहा गाठोडी, प्रत्येकाच्या टोकाला एक कानटोपी. एकही हलत नव्हतं. बाजूला काका एका स्टुलावर हाताची घडी घालून बसलेले. मी आई आहे आणि मला सगळं माहीत होतं, तरी माझ्या छातीत धस्स झालं.

कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईच्या छातीत त्याहून मोठं धस्स झालं होतं. तिनं फोन केला होता: जंगलात बरीच मुलं निपचित पडलीत, शेजारी एक म्हातारा आहे. मी पोचते न पोचते तोच जंगलाच्या पोलिसांची गाडी आली आणि एक उंच बाई उतरल्या.

"सर, ही मुलं ठीक आहेत ना?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

काकांनी उत्तर द्यायला सुरुवात केली ती १९०४ पासून. शार्लोटेनबुर्ग, पाइनची झाडं, पंचवीस मिनिटांचा तास. बाई ऐकत होत्या, पण त्यांची भुवई काही खाली येईना. मी मध्ये पडणार, एवढ्यात मला गाठोड्यांतून कुजबुज ऐकू आली. मी ओळीच्या मागे उभी होते. त्यांना मी दिसत नव्हते.

"तिच्या पट्ट्याला खरी बंदूक आहे," शार्दूल म्हणाला. मराठीत.

"हळू बोल," दुसरं गाठोडं म्हणालं.

"तिला कुठे कळतंय? मराठीत बोल, मग नाही कळत."

मी थक्क झाले. ही गुप्त बोलण्याची विद्या आमचीच, आणि तीन महिन्यांत पोरांनी उचलली होती. तळघरात त्यांना मराठी बोलायची गरजच नव्हती, ज्याच्यापासून लपवावं असं परकं कुणी तिथे नसायचं. इथे उघड्यावर परकी माणसं येत-जात होती, आणि पोरांना मराठीचा पहिल्यांदा काहीतरी उपयोग सापडला होता. मला हसू आलं. मग उर्वीचा आवाज आला आणि ते हसू तसंच राहिलं.

"ती पोलीस जाईल," उर्वी म्हणाली. "पण माझी आई येणार आहे. ती माझं नाव काढणार. मग आपण नऊ. मग काकांचा वर्ग बंद."

"का काढणार?"

"आई म्हणते मी पालथा घडा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे उलटं भांडं. वरून पाणी टाकलं तरी आत नाही जात. मी काकूंना विचारलं." मग ती म्हणाली, "मला सगळं कळतं. मी सांगितलं नाही, कारण मग ते माझ्यासमोर बोलणार नाहीत."

मला ओशाळल्यासारखं झालं, असं लिहिलं तर ते कमी पडेल. चार वर्षांत, चार वर्षं कसली, नऊ वर्षांत ह्या मुलीसमोर मी काय काय बोलले असेन, ते सगळं माझ्या अंगावर आलं. घडा पालथा नव्हता. तो काठोकाठ भरला होता, आणि मी त्यात काय ओतत होते ह्याकडे माझं लक्ष नव्हतं.

पोलीस बाई काकांना सांगत होत्या, की सांगताय ते सगळं खरं असेल सर, पण एवढ्या मुलांची जबाबदारी घेणारं एक नाव मला कागदावर लागेल, आणि ऑफिसातून परवानगी काढावी लागेल.

"माझं नाव लिहा," मी पुढे होऊन म्हटलं. "मी सेक्रेटरी आहे ह्या वर्गाची. आणि त्या चौथ्या खुर्चीवर माझी मुलगी आहे."

मी सही केली. आयुष्यभर धोके मोजणाऱ्या बाईनं तो कागद पुरता वाचलाही नाही. पोलीस बाईंनी जाताना काकूंच्या हातचं कढण घेतलं आणि रेसिपी विचारली.

गाडी निघून गेल्यावर काका माझ्याकडे वळले. "तू लवकर आलीस. काही बोलायचं होतं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना माहीत होतं. दहाच्या आकड्यावर डोळे लावून बसलेल्या माणसाला न कळून कसं चालेल? तरी त्यांनी हात जोडले नव्हते, की एक फोनही केला नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "उर्वीचा खोकला बरा आहे, एवढंच."

परतताना गाडीत मी उर्वीला मराठीत विचारलं, "तुला सगळं कळत होतं?"

"ऑफ कोर्स," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"मग बोलली का नाहीस कधी?"

तिनं जरा विचार केला. मग मराठीत म्हणाली, "तू मला कधी विचारलं नाहीस. तू बाबांना सांगतेस. काका मला विचारतात."

मी गाडी बाजूला घेतली. तिची माफी मागितली, मराठीत. ती म्हणाली, "इट्स ओके, आई. चल, भूक लागली."

पुढच्या रविवारी वर्ग संपल्यावर संजीवच्या घरी मीटिंग. सगळे आईबाप आले होते, ज्यांनी नावं काढली तेसुद्धा. काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर, काकू शेजारी. मी आकडा वाचला: दहा.

"आकडा ठीक आहे," संजीव म्हणाला. "पण खरं बोलू का? एवढ्या थंडीत पोरांना बसवून मिळालं काय? माझा शार्दूल अजून एक वाक्य मराठीत बोलत नाही. मला नाही वाटत त्याला काही समजतं."

मी गप्प बसू शकले असते. नियमाप्रमाणे वर्ग वाचलाच होता. पण मी उठले आणि सगळं सांगितलं. किचनमधलं बोलणं, पालथा घडा, झाडांखालची कुजबुज, गाडीतलं उत्तर. स्वतःची लाज अशी चारचौघांत काढायची मला सवय नाही, कान तापले होते. शेवटी म्हटलं, "संजीव, बंदुकीचं पहिलं वाक्य तुझ्या शार्दूलचं होतं. त्यांना कळतं. सगळ्यांना. सगळं."

प्रत्येक जण मनातल्या मनात मागे मागे जात होता. संजीवनं बायकोकडे बघितलं. बायकोनं कपाळावर हात मारला. "तुझ्या आईबद्दल आपण गाडीत जे बोललो ते..." ती म्हणाली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मेलो." मग एकदम हशा फुटला, आणि हसता हसता दोन आयांनी डोळे पुसले. नावं काढलेल्यांपैकी एकीनं तिथल्या तिथे मला चिठ्ठी दिली: अकरावं नाव लिही. कुणी मत मागितलं नाही. वर्ग चालू राहणार, हे धरूनच लोक जानेवारीत ब्लँकेटं किती लागतील ते बोलायला लागले.

काका हसले नव्हते. ज्या वर्गासाठी त्यांनी एवढं जिवाचं रान केलं, तो वाचला होता, पण ते तिकडे बघतच नव्हते. ते काकूंकडे बघत होते.

"विक्रमसमोर आपण किती बोललो असू गं?" ते म्हणाले. "तो कॉलेजला जाईपर्यंत, तेरा वर्षं. जेवताना, गाडीत. त्याला कळत नाही म्हणून."

काका उठले, खिशातून मोबाइल काढला आणि मागच्या दारानं डेकवर गेले. कोट आतच राहिला. काचेतून आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. चार मिनिटं झाली, दहा झाली. संजीव कोट घेऊन निघाला, तर काकूंनी त्याला हातानंच थांबवलं. काका एका जागी उभे राहून बोलत होते, मग बराच वेळ नुसते ऐकत होते, मग पुन्हा बोलत होते.

अर्ध्या तासानं ते आत आले. कान लालभडक, डोळे ओले. सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

"काय म्हणाला?" काकूंनी विचारलं.

"मी सगळं मराठीत विचारलं," काका म्हणाले. "तो इंग्रजीतच बोलला. पण एकही प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही."